पाखरांची एकोणीस नावं

ऑक्टोबर अर्धा सरला की हर्नडनच्या आमच्या ऑफिसमागच्या तळ्यावर गीझ पक्ष्यांचे थवे उतरतात. दिवसभर गवतावर चरत असतात आणि संध्याकाळी आम्ही गळ्यातले बॅज काढत गाड्यांकडे निघतो, नेमके तेव्हाच सगळे एकदम उठून डोक्यावरून ओरडत जातात. ते ओरडणं ऐकलं की मला थकवा येतो. कामाचा थकवा निराळा, तो घरी जाऊन चहा घेतला की उतरतो. हा जुना आहे. वर्षभर कुठेतरी निजलेला असतो आणि या दिवसांत उठून गुडघ्यांत, डोळ्यांमागे येऊन बसतो.

परवा गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती म्हणून माझी मुलगी रेवा मला न्यायला आली. वर बघून म्हणाली, "आई, व्हॉट डू यू कॉल देम इन मराठी?"

"बदकं."

"दॅट्स डक."

"मग हंस."

"दॅट्स स्वान, नो?"

"मग काही नाही. गीझच म्हण."

ती हसली आणि तिने गाडी काढली. मला मात्र सगळा रस्ता चुटपुट लागून राहिली. सरळ "माहीत नाही" म्हणता आलं असतं. ते दोन शब्द माझ्या तोंडून अजून सहज निघत नाहीत. खरं तर एका पानगळीत ते शब्द किती मोलाचे असतात हे मी जवळून पाहिलं होतं.

शहाऐंशी सालची पानगळ. मी पंचवीस वर्षांची होते, पुण्याहून भाषाशास्त्रात एम. ए. करून दोन वर्षांपूर्वी इंडियानातल्या एका विद्यापीठाच्या गावात आले होते. गावाच्या चारी बाजूंना मक्याची शेतं. मका काढून झाला की नुसते खुंट उरायचे आणि क्षितिज फार जवळ आल्यासारखं वाटायचं. माझी असिस्टंटशिप एका वयस्क प्रोफेसरांकडे होती. तिथे सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. मला ते कधी जमलं नाही, मी 'प्रोफेसर' म्हणायची आणि ते दर वेळी भुवया उंचावून हसायचे. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांना एक पुस्तक पुरं करायचं होतं: योरुबा आणि तिच्या बहिणी, या भाषांमधले पक्ष्यांचे शब्द.

योरुबा म्हणजे पश्चिम नायजेरियातली कोट्यवधी लोकांची भाषा. तिची एक बहीण इत्सेकिरी, नदीच्या मुखाजवळ बोलली जाणारी. दुसरी इगाला, जिथे दोन मोठ्या नद्या मिळतात त्याच्या पलीकडची. आपल्याकडे मराठी, कोकणी, गुजराती, तसं काहीसं. प्रोफेसर तरुणपणी या दोन्ही ठिकाणी राहिले होते, आणि त्यांच्या जुन्या वह्यांमध्ये एका इगाला शिकाऱ्याने सांगितलेली साठेक नावं होती. त्यांचं म्हणणं असं, की दारातल्या पाखराचं नाव बदलायची कुणाला गरज पडत नाही, त्यामुळे तिन्ही भाषांतली नावं शेजारी-शेजारी मांडली तर हजारो वर्षांपूर्वीची त्यांची एकच भाषा पुसट का होईना दिसू लागेल. हे सांगताना त्यांचा आवाज हलका व्हायचा. मला ते आवडायचं. माझ्या वाट्याला मात्र त्यातली कार्डं यायची.

तळघरातली खोली. भिंतीत खोली तापवणारा एक रेडिएटर, तो दर दहा मिनिटांनी कुणी आतून हातोडा मारल्यासारखा वाजायचा. लाकडी खणांमध्ये शेकडो कार्डं. प्रत्येक कार्डावर पक्ष्याचं शास्त्रीय नाव, चित्राचा नंबर, आणि खाली तीन रकाने. टाइपरायटरवर योरुबाची अक्षरं नव्हती. काही स्वरांखाली ठिपका द्यायचा असतो, वर स्वराघाताच्या रेघा, चढत्या, उतरत्या. त्या सगळ्या मी काळ्या शाईने हाताने काढायची. एक रेघ चुकली की शब्दच बदलतो. 'आशा' हा शब्द तिथेही आहे. दुसरं अक्षर उंच म्हटलं तर तो ससाणा, आणि तळाशी ठेवलं तर रीतभात. माझ्या धाकट्या मावशीचं नाव आशा. मी घरी पत्रात ते लिहिलं, तर आईचं उत्तर आलं, "तिला ससाणाच शोभतं."

दिवसाला पन्नास कार्डं झाली की डोळ्यांपुढे ठिपके नाचायचे.

योरुबाचा रकाना भरायला आठवड्यातून तीन दिवस अबेके यायची. तिचे यजमान शेतकी विभागात पीएच. डी. करत होते, दोन मुलं गावातल्या शाळेत होती. वय चाळीसच्या आसपास. पहाटेपासून ती एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत काम करायची आणि तिथून थेट साडेनऊला आमच्या तळघरात उतरायची. हातांना ब्लीचचा वास, डोळे तांबारलेले. बसली की पहिल्यांदा टेबलाखाली बूट काढायची. तिचं बघून मीही काढू लागले. वर टेपरेकॉर्डर, पक्ष्यांच्या चित्रांचं जाड पुस्तक, प्रोफेसरांची टोकदार पेन्सिल, आणि खाली आमचे चार मोजे.

पहिल्या दिवशी तिने प्रोफेसरांना योरुबात 'सुप्रभात' म्हटलं ते सुरुवातीला एक 'ए' लावून. मला म्हणताना तो 'ए' गाळला. मी विचारलं तेव्हा कळलं, की तो 'ए' म्हणजे 'तुम्ही'.

"आमच्याकडेही आहे," मी म्हटलं. "तुम्ही आणि तू."

"मग तू मला काय म्हणतेस? मनातल्या मनात?"

"तुम्ही."

"बरं आहे," ती समाधानाने म्हणाली. "इंग्रजीत बोलताना मला नेहमी वाटतं, सगळ्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकलाय."

समोर मी तिला कधी एकेरीत आणलं नाही. इतक्या वर्षांत आठवणीत मात्र ती 'ती' झाली आहे.

पहिला आठवडा सोपा गेला. पक्षी म्हणजे 'एये'. कबुतर 'एयेले', म्हणजे घरातलं पाखरू. होला 'आदाबा', पोपट 'ओदिदेरे', घुबड 'ओविवी'. प्रोफेसर पान उलटायचे, ती नाव सांगायची, टेप फिरायची, मी लिहायची. मग गायबगळा आला, 'लेकेलेके', आणि ती बोलता बोलता थांबून आपल्या नखांकडे बघायला लागली.

त्यानंतर पुस्तकाची मधली पानं आली. लहान, तपकिरी पाखरं. एका पानावर बारा, सगळी जवळजवळ सारखी. कुणाच्या छातीवर ठिपके, कुणाच्या डोळ्यावर फिकी रेघ.

"एये," अबेके म्हणाली.

"हो, पण हे कोणतं एये?" प्रोफेसरांनी विचारलं.

"लहान एये."

"आणि हे?"

"तेही."

प्रोफेसर कधी चिडले नाहीत, हे सांगायला हवं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते मऊ आवाजात म्हणायचे, "घाई नाही. आठवेल. लहानपणी नक्की ऐकलं असेल." मग पेन्सिल हातात धरून वाट बघत बसायचे. टेप रिकामीच फिरायची. रेडिएटर वाजायचा. अबेके चित्राकडे बघत राहायची आणि तिची मान हळूहळू खाली जायची, परीक्षेत उत्तर न येणाऱ्या मुलीसारखी. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी, छातीवर ठिपके असलेल्या एका पाखरावर बोट ठेवून, तिने एक लांबलचक शब्द उच्चारला.

प्रोफेसर ताठ बसले. "पुन्हा एकदा म्हणा?"

तिने पुन्हा म्हटला. अर्थ सांगितला: सासूच्या आधी उठणारी.

प्रोफेसर मोठ्याने हसले. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "बघा! आठवलं की नाही?"

मग रोज एक-दोन नावं येऊ लागली. पावसात न भिजणारी. बाळंतिणीची शेजारीण. हाक मारून लपणारा. नावं इतकी छान होती की कार्डं टाइप करताना मला मिरजेच्या आमच्या गल्लीतल्या बायका आठवायच्या. प्रोफेसर घरी जाताना शीळ घालू लागले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ते एका परिषदेला गेले आणि जाताना माझ्यावर फेरतपासणी सोपवून गेले. पद्धत साधी होती: तीच चित्रं, क्रम बदलून, पुन्हा दाखवायची आणि नावं तीच येतात का बघायचं.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघीच बसलो. ससाणा, घुबड, होला बरोबर आले. मग मी ठिपकेवालं पाखरू दाखवलं. अबेकेने एक नाव सांगितलं. ते 'सासूच्या आधी उठणारी' नव्हतं. मी पुढचं चित्र काढलं. तेही वेगळं. पुढचंही. मी कार्डांवर बारीक फुल्या करत गेले. फुली करताना कार्ड तळहाताने झाकत होते, जणू चोरी माझीच होती. तासाभराने तिने हात लांब करून टेपरेकॉर्डर बंद केला.

"किती सापडले?"

"अठरा."

"बावीस आहेत," ती म्हणाली. "चार लक्षात राहिले माझ्या."

मला हसू आलं, आणि तीही हसली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी इबादानची आहे, सुनंदा," ती म्हणाली. "मोठं शहर. माझी आई बाजारात कापड विकायची. आमच्या घराला पत्रा होता, पुढे गटार, मागे दुसऱ्याचं घर. मी कुठली पाखरं बघणार? कोंबडी बघितली, गिधाड बघितलं. पण तो माणूस माझ्याकडे कसा बघतो, पाहिलंयस ना? मी माझ्याच घराची किल्ली हरवून आले असावे तसा. माझ्याच भाषेत मला काही येत नाही हे मी एका परक्याला किती वेळा सांगायचं? रोज बारा वेळा?"

"एकदाच सांगायचं होतं."

"तू सांग मग." तिने पुस्तक माझ्याकडे फिरवलं. "तुझ्या भाषेत. हं, हे?"

ते आफ्रिकेतल्या पक्ष्यांचं पुस्तक, पण पुष्कळ चेहरे ओळखीचे होते. खंड्या. सुगरण. भारद्वाज. हुदहुद. मी फुशारकीने पुढे गेले आणि तपकिरी पान आलं. "चिमणी," मी म्हटलं. "आणि हे?" "तीही चिमणी." "आणि हे?" मी पानावर आणखी वाकले. अबेके पेन्सिल हातात धरून, हुबेहूब प्रोफेसरांच्या मऊ आवाजात म्हणाली, "घाई नाही. आठवेल."

आठवलं नाही. आमच्या शब्दकोशांत अशा पाखरांपुढे 'एक प्रकारचा पक्षी' असं लिहिलेलं असतं. ते मी वाचलेलं होतं. पक्षी पाहिले नव्हते.

मग, कशावरून कोण जाणे, बगळ्याची गोष्ट निघाली. त्या दिवशी ती नखांकडे का बघत राहिली होती, हे मी विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे लेकेलेकेंचा थवा डोक्यावरून जायला लागला की पोरं हात वर करून बोटं हलवतात आणि पांढरी नखं मागतात. नखावर पांढरा ठिपका आला म्हणजे बगळ्याने दिलं. मी बघतच राहिले. मिरजेला, नदीकडून बगळ्यांची रांग गेली की आम्ही नखांवर नखं घासून बगळ्याकडे कवड्या मागायचो. नखावर पांढरं उमटलं की मिळाली कवडी. मी तिला ते करून दाखवलं. तिने तिचं मला करून दाखवलं. त्या तळघरात आकाश नव्हतं, बगळे तर नव्हतेच. दोन दमलेल्या बायका सकाळी अकरा वाजता हात वर करून बोटं हलवत होत्या.

निघताना ती बूट घालत म्हणाली, "ते सोमवारी येतील ना? सोमवारपर्यंत थांब. मी स्वतः सांगते त्यांना."

मी म्हटलं, "हो."

प्रोफेसर शुक्रवारीच आले. विमानतळावरून थेट तळघरात, ओव्हरकोटसकट. त्यांच्या हातात पिवळ्या कागदांवर लिहिलेला मजकूर होता. 'सासूच्या आधी उठणारी' या शब्दाचा शेवट आणि त्या इगाला शिकाऱ्याने सांगितलेल्या एका शब्दाचा शेवट जुळतो, असं त्यांना प्रवासात सुचलं होतं. त्यावरून त्यांनी पहाटेसाठी एक जुना, लुप्त झालेला शब्द उभा केला होता. पानं माझ्यापुढे ठेवून त्यांनी विचारलं, "फेरतपासणी कशी झाली?"

मला सांगता आलं असतं की अजून पुरी झाली नाही. तीन दिवसांचा प्रश्न होता. पुढे पुष्कळदा मी स्वतःला समजावलं, की एक वयस्क माणूस खोट्यावर इमारत बांधत होता, मी कसं गप्प बसायचं? ते खरंही आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं, की त्या कार्डांच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं आहेत, पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे, आणि मी फार थकले आहे. मला ते ओझं खाली ठेवायचं होतं. मी फुल्या केलेली कार्डं टेबलावर मांडली.

त्यांनी एकेक उचलून पाहिलं. चष्मा काढला. "किती?"

"बावीस."

"आणि तिनेच सांगितलं?"

"हो. सोमवारी तुम्हालाही सांगणार होती."

ते शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. पिवळे कागद त्यांनी घडी करून कोटाच्या खिशात ठेवले आणि दिवा न घालवताच गेले.

सोमवारी अबेके लाँड्रीतून आली नाही. घरी जाऊन, तयार होऊन आली. अंगावर गडद निळा पोशाख, डोक्याला त्याच कापडाचा उंच फेटा बांधलेला, कानात मोत्यांची फुलं. कबुली द्यायला ती अशी आली होती. खोलीच्या दारातच प्रोफेसर उभे होते. ते अतिशय सौजन्याने म्हणाले, की योरुबाचा रकाना आता पुरा झाला आहे, तुमची खूप मदत झाली, यापुढे यायची तसदी नको. अबेकेचं तोंड बोलण्यासाठी उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मग तिने त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

त्या नजरेबद्दल मला काही लिहिता येत नाही. ती रागाची नव्हती, एवढंच.

नोव्हेंबरभर मी त्या बावीस कार्डांवरची नावं खोडून तिथे आडवी रेघ मारत होते. बाहेर झाडं उघडी पडत होती. संध्याकाळी चालत घरी जाताना मक्याच्या रिकाम्या शेतांवरून गीझ जायचे, दक्षिणेकडे, मोठमोठ्याने एकमेकांना काहीतरी सांगत. मी परीक्षा दिली. कशीबशी पास झाले. आनंद वगैरे झाला नाही. पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी अबेकेच्या घरी गेले.

विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिने दार उघडलं, बाजूला झाली. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली, की त्यांनी विचारलं म्हणून, मी खोटं कसं बोलणार होते म्हणून.

"तू खोटं बोलली नाहीस," ती म्हणाली. "खोटं मी बोलले. पण सोमवार माझा होता, सुनंदा."

एवढंच. याबद्दल याहून जास्त एक शब्दही ती पुढे कधी बोलली नाही. मला खुर्चीवर बसवून तिने भात आणि लाल रस्सा वाढला. तो इतका तिखट होता की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यातलं किती तिखटाचं हे तिलाही कळलं नसेल. जेवल्यावर मी सोफ्यावर जरा टेकले आणि चक्क झोपले. तीन महिन्यांत मी तशी झोपले नव्हते. जागी झाले तेव्हा अंगावर मुलांची चित्रांची गोधडी होती, आणि अबेके समोरच्या खुर्चीत बसल्या जागी, मान मागे टाकून, झोपली होती.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. "पत्र आलंय."

फेरतपासणीच्या त्याच मंगळवारी तिने आपल्या मामांना पत्र टाकलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मामा इबादानपासून लांब खेड्यात राहायचे, उमेदीत शिकारी होते. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी गावातल्या शिक्षकाकडून लिहवून घेतलं होतं. पातळ निळ्या कागदावर एकोणीस नावं. प्रत्येकापुढे दोन-दोन ओळी. हा साप दिसला की ओरडतो. ही जोडीनेच फिरते, एक मेली की दुसरी त्या झाडावर येत नाही. हा रताळी खणायच्या दिवसांत येतो, नंतर कुठे जातो माहीत नाही. रंगाबद्दल फारसं कुठेच काही नव्हतं. मामांना पाखरं कानांनी ठाऊक होती.

"तुम्हीच घेऊन चला," मी म्हटलं.

"त्या खोलीत मी परत येणार नाही. तू ने."

मी नेलं. प्रोफेसरांनी पत्र एकदा मनात वाचलं, मग नावं मोठ्याने वाचली, चढउतारांसकट, सावकाश. चित्रांचं पुस्तक उघडलं. आम्ही दुपारभर खपलो, पण एकही नाव खात्रीने कुठल्या चित्रापुढे लावता येईना. आधी आमच्याकडे पाखरं होती आणि नावं नव्हती. आता नावं आली, तर पाखरं सापडेनात. चार वाजता प्रोफेसर उठले, कोट घातला, चित्रांचं पुस्तक बगलेत मारलं आणि म्हणाले, "ती कुठे राहते?"

बर्फ पडत होतं. मी पत्ता लिहून दिला. बरोबर गेले नाही, तेवढी अक्कल मला आली होती.

ते तिच्याकडे तासभर बसले असं ती नंतर म्हणाली. काय बोलले, हे दोघांपैकी कुणीही मला सांगितलं नाही. मी फारच खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मामांचं पूर्ण नाव विचारलं. माझ्यासमोर लिहिलं. सगळे ठिपके, सगळ्या रेघा बरोबर." आणि चित्रांचं पुस्तक ते तिच्याकडेच ठेवून आले होते.

उन्हाळ्यात ते कुटुंब इबादानला परत गेलं. मीही फार दिवस राहिले नाही. मास्टर्सवर थांबले आणि कॉम्प्युटरकडे वळले. तेव्हा सगळे वळत होते. मी आधी न्यू जर्सीला, मग इकडे आले. भाषाशास्त्र सुटलं याचं दुःख झालं का, असं रेवा कधीकधी विचारते. त्या वर्षांत मला इतकी झोप येत होती, की दुःख करायला सवडच नव्हती.

एकोणनव्वद साली पुस्तक पोस्टाने आलं. राखाडी पुठ्ठा, आत तीन रकाने. बावीस ठिकाणी योरुबाच्या रकान्यात आडवी रेघ, आणि खाली बारीक अक्षरांत प्रोफेसरांची टीप: माहिती देणाऱ्या बाईंनी येथे वेगळे नाव नसल्याचे सुरुवातीलाच सांगितले होते, ते ऐकण्यास प्रस्तुत लेखकाने विलंब लावला. शेवटी एक परिशिष्ट होतं, 'पक्षी अनिश्चित' असं. त्यात एकोणीस नावं, मामांच्या वर्णनांसकट, आणि वर मामांचं आणि अबेकेचं पूर्ण नाव. ती टीप मी कितीदा वाचली असेल.

त्याच हिवाळ्यात प्रोफेसर गेले. विभागातून छापील कार्ड आलं.

आणि त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने इबादानहून पत्र आलं. ते कार्ड अबेकेपर्यंत पोहोचलेलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, की सुट्टीत ती मुलांना घेऊन मामांच्या गावी गेली. चित्रांचं पुस्तक बरोबर नेलं. मामांना आता नीट दिसत नाही, पण कान तिखट आहेत. रोज पहाटे ते तिला शेताच्या कडेला नेऊन बसवायचे आणि आवाज आला की तिच्या मनगटाला हात लावायचे. मग ती झाडात नजर लावून पाखरू शोधायची आणि पुस्तकात बघायची. पुष्कळशी पाखरं आता येत नाहीत, पलीकडचं रान तोडलंय. तीन आठवड्यांत सात सापडली. त्या सातांची नावं आणि चित्रांचे नंबर तिने एकाखाली एक लिहिले होते. खाली लिहिलं होतं: 'प्रोफेसरांना सांग. ही सात मी स्वतः पाहिली आहेत.'

पत्र मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उघडं ठेवलं. मग कपाटातून ते राखाडी पुस्तक काढलं, परिशिष्टाचं पान उघडलं आणि रेवाच्या बाबांच्या टेबलावरची पेन्सिल घेऊन सात नावांपुढे सात नंबर घातले. पुस्तकाच्या प्रती किती निघाल्या मला ठाऊक नाही, ग्रंथालयांत कुठे कुठे असतील. ती सात पाखरं फक्त माझ्या प्रतीत आहेत. मग मी अबेकेला उत्तर लिहायला बसले, आणि प्रोफेसर गेल्याचं आधी लिहावं की सात पाखरांनंतर, हे बराच वेळ ठरेना.